ताई, तो 'गूढ शब्द' म्हणजे साधा पत्ता आहे

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईने एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "तुमच्या तिकडचंच आहे ना गं हे?" हो, आमच्या तिकडचंच आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते, शेजारचं रॅली शहर ज्याच्या नावाने आहे त्याच वॉल्टर रॅली नावाच्या इंग्रजाने इथल्या रोअनोक बेटावर पाठवलेल्या इंग्रजांच्या वसाहतीचा हा व्हिडिओ, आणि मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्या बेटावर दोन दिवस राहूनही आलोय. व्हिडिओ सात मिनिटांचा. ११५ माणसं एका रात्रीत गायब, जेवणाची ताटं तशीच वाढलेली, मागे फक्त 'क्रोएटोअन' हा एक शब्द ज्याचा अर्थ ४०० वर्षांत जगातल्या एकाही शास्त्रज्ञाला लागला नाही. मग तो शब्द नंतर कुठेकुठे उगवला त्याची यादी, आणि शेवटी डोक्याला पिसं लावलेला एक माणूस दाखवून "बेटावरच्या नरभक्षक आदिवासींनी त्यांना खाल्लं असावं".

एरवी असले फॉरवर्ड मी बघून सोडून देते. पण रात्री भाचीचा व्हॉइस मेसेज आला. ताईची धाकटी, सहावीत आहे. "मावशी, ते लोक खरंच माणसं खायचे का गं? तू तिथेच राहतेस ना?" तेव्हा मात्र डोकंच फिरलं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आलाय त्यांनीही वाचा.

आधी त्या शब्दाचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा केलाय.

१५८७ च्या जुलैत ही माणसं बेटावर उतरली, बायका-मुलांसकट, ११५ ते ११७, मोजणीत एखाद-दोनचा फरक येतो. गव्हर्नर होता जॉन व्हाइट. त्याची मुलगी एलिनॉर गरोदर होती, १८ ऑगस्टला तिला मुलगी झाली, व्हर्जिनिया डेअर. रसद पुरणार नाही हे दिसत होतं, म्हणून लोकांनीच आग्रह करून व्हाइटला इंग्लंडला पाठवलं, तो २७ ऑगस्टला निघाला. निघण्याआधी त्यांचं आपसात ठरलेलं होतं की इथून हलावं लागलं तर जिथे जाल त्या जागेचं नाव झाडावर नाहीतर दाराच्या खांबावर कोरून ठेवा, आणि संकटात निघावं लागलं तर त्या अक्षरांवर क्रूस कोरा. हा कुणी मागाहून लावलेला अर्थ नाही. व्हाइटने स्वतः लिहून ठेवलंय. त्याचा १५९० च्या प्रवासाचा वृत्तांत रिचर्ड हॅक्लुटने १६०० साली छापला, आज तो नेटवर फुकट मिळतो, एका बैठकीत वाचून होतो. व्हिडिओ करणाऱ्याने तेवढी एक बैठक मारली असती तर व्हिडिओ झालाच नसता.

व्हाइटला परत यायला तीन वर्षं लागली. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं, मोठी जहाजं बंदरातच अडकली, दोन छोटी जहाजं घेऊन निघाला तर वाटेत फ्रेंचांनी लुटलं. शेवटी १८ ऑगस्ट १५९० ला तो बेटावर पोचला, त्या दिवशी नातीला बरोबर तीन वर्षं पूर्ण होत होती. आदल्या रात्री अंधारात लांबवर जाळ दिसला म्हणून त्यांनी बोटीतूनच कर्णा वाजवला, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली, म्हणजे आपली माणसं आहेत हे तिथल्यांना कळावं. कुणी ओ दिली नाही. सकाळी उतरले तर वाळूत स्थानिकांच्या पावलांचे ठसे, वर चढताना एका झाडावर कोरलेली तीन रोमन अक्षरं, सी आर ओ. पुढे वस्तीभोवती ओंडके उभे करून केलेलं भक्कम कुंपण, आणि आत शिरताना उजव्या हाताच्या एका मोठ्या खांबाची साल काढलेली, जमिनीपासून पाच फुटांवर, मोठ्या सुवाच्य अक्षरांत, क्रोएटोअन. क्रूस नाही.

आता अर्थ न लागणारा शब्द म्हणे! क्रोएटोअन हे दक्षिणेकडच्या बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव. आज त्याला हॅटरस म्हणतात. साधारण ८० किलोमीटर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी ठेवून रस्ता जातो, आम्ही गाडीने गेलो होतो. मँटिओ नावाचा तिथला माणूस दोनदा इंग्लंडला जाऊन आलेला, या लोकांचा दोस्त, दुभाष्या. व्हाइटला अर्थ तिथल्या तिथे कळला, त्याने लिहिलंय की माझी माणसं क्रोएटोअनला सुखरूप असल्याची खूण सापडली म्हणून मला फार आनंद झाला, मँटिओचा जन्म तिथलाच आणि तिथले लोक आपले मित्र. ताई, समज तू बाहेरगावाहून परत आलीस, घराला कुलूप आणि दारावर खडूने आईच्या अक्षरात 'मिरज' लिहिलंय. तू मिरजेची एसटी धरशील की मिरज या शब्दाचं गूढ काय म्हणून पंचांग उघडशील?

मग तो गेला का नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि नेमकं तेच व्हिडिओत नाही. जहाज त्याचं नव्हतं, स्पॅनिश जहाजं लुटायला निघालेल्या लोकांनी त्याला सोबत घेतलेलं. आदल्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी बोट उलटून सात जण बुडाले होते. दुसऱ्या दिवशी क्रोएटोअनला जायचं ठरलं, तर नांगराचा दोर तुटला, नांगर गेले, एकच शिल्लक राहिला, वारा वाढत चाललेला, पाणी आणि अन्न संपत आलेलं. कॅप्टन म्हणाला दक्षिणेला जाऊन हिवाळा काढू आणि परत येऊ, पण वाऱ्याने जहाज अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे लोटलं आणि तिथून ते इंग्लंडला परतलं. मुलगी, जावई, नात कुठे आहेत ते समोर खांबावर लिहिलेलं, आणि या माणसाला ८० किलोमीटर जाता आलं नाही. पुन्हा त्याला कधीच येता आलं नाही. या गोष्टीत अंगावर काटा आणणारं काही असेल तर हे आहे. त्याला आणखी गूढ कशाला लागतं?

"एका रात्रीत" आणि "ताटं तशीच" हे तर शुद्ध खोटं. तीन वर्षांत कुणी इंग्रज तिकडे फिरकलाच नव्हता तर एक रात्र कुणी मोजली? आणि व्हाइटच्या वृत्तांतात ताटं नाहीतच. घरं उतरवून नेलेली होती. मागे राहिलं होतं ते न उचलणारं सामान, लोखंडाच्या कांबी, शिशाचे ठोकळे, जड तोफा, सगळ्यावर गवत माजलेलं. छोट्या होड्या आणि हलक्या तोफा सापडल्या नाहीत. व्हाइटने जाताना पुरून ठेवलेल्या पेट्या कुणीतरी उकरून फोडलेल्या, त्याच्या पुस्तकांची वेष्टणं फाडलेली, चित्रं आणि नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजाने खाल्लेलं. जीव घेऊन पळणारा माणूस घर उतरवून सोबत नेत नाही हो. ते बिऱ्हाड हलवून गेले.

शब्द नंतर उगवण्याची यादी. ही वर्षानुवर्षं इंग्रजीत फिरतेय, आता तिचं मराठी झालंय. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो मरताना 'क्रोएटोअन' पुटपुटला म्हणे. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मागे जे सांगितलं त्यात हा शब्द कुठेच नाही. वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये विमानासकट पॅसिफिकवर हरवली, तर तिच्याही नावावर हा शब्द खपवलाय. आणि 'कॅरल ए. डिअरिंग' हे जहाज, जे १९२१ मध्ये माणसांशिवाय सापडलं, त्याच्या लॉगबुकच्या शेवटच्या पानावर हाच शब्द होता म्हणतात. अहो, त्या जहाजाचं लॉगबुकच गायब होतं! सापडलंच नाही ते, मग शेवटचं पान वाचलं कुणी? जहाज वाळूत रुतलं ते हॅटरसजवळ, म्हणजे जुन्या क्रोएटोअनसमोर, एवढाच काय तो संबंध. बाकीच्या नावांवर मी वेळ घालवत नाही.

आता नरभक्षक. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

१५८४ मध्ये रॅलीची पहिली दोन जहाजं पाहणीला आली. कॅप्टन आर्थर बार्लोने लिहून ठेवलंय की रोअनोकवर तिथल्या प्रमुखाचा भाऊ ग्रँगॅनिमिओ घरी नव्हता, तर त्याची बायको धावत बाहेर आली, बोट किनाऱ्याला ओढायला लावली, भिजलेल्या पाहुण्यांना शेकोटीपाशी बसवलं, बायकांनी त्यांचे पायमोजे धुतले, गरम पाण्याने पाय धुतले. मग शिजवलेला मका, हरणाचं मांस, मासे, भोपळे-खरबुजासारखी फळं. दारात आलेल्या परक्याचे पाय धुणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावून सांगायला लागू नये.

आणि त्यांना बदल्यात काय मिळालं? १५८५ मध्ये इंग्रजांची लष्करी तुकडी आली. एका गावात चांदीचा एक पेला हरवला म्हणून त्यांनी ते अख्खं गाव आणि उभा मका जाळला. एका पेल्यासाठी! त्या तुकडीबरोबर टॉमस हॅरियट नावाचा विद्वान होता, त्याने लिहिलंय की आम्ही जाऊन आलो त्या गावांत मागाहून माणसं पटापट मरायला लागली, कुठे २०, कुठे ४०, कुठे ६०, एका गावात तर १२०. आजार इंग्रजांनीच आणलेला. वर सगळा हिवाळा यांना खायला घालायचं ते स्थानिकांनी. शेवटी १ जून १५८६ ला कमांडर राल्फ लेनच्या माणसांनी प्रमुख विंगिनाला गाठून त्याचं मुंडकं कापलं आणि त्याच महिन्यात फ्रान्सिस ड्रेकच्या जहाजांवर बसून सगळे घरी गेले. पुढच्या वर्षी बायका-मुलांना नेऊन उतरवलं ते याच बेटावर. जायचं होतं उत्तरेला चेसापीकला, पण जहाजवाल्यांनी पुढे न्यायला नकार दिला. आल्यावर काही दिवसांतच जॉर्ज हाऊ नावाचा माणूस एकटा पाण्यात खेकडे पकडत असताना मारला गेला. अंगात १६ बाण. खाल्लं नाही कुणी त्याला, विंगिनाच्या माणसांनी सूड घेतला. त्याचा सूड घ्यायला व्हाइटच्या लोकांनी पहाटे हल्ला केला तो चुकून क्रोएटोअनच्याच लोकांवर, म्हणजे मित्रांवर. आणि तरीसुद्धा खांबावर नाव क्रोएटोअनचंच कोरलेलं सापडतं. व्हिडिओ ज्यांना राक्षस दाखवतो त्यांनी बहुतेक या माणसांना आसरा दिला.

शिवाय हे लोक संपलेले नाहीत. आमच्या राज्यात लंबी नावाचा मूळनिवासी समाज आहे, हजारो कुटुंबं, त्यातली कित्येक आपलं नातं या वसाहतीशी सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही हे मी कबूल करते, पण माझ्या मुलीच्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी आहे, आणि तिच्या पूर्वजांना माणूसखाऊ म्हणणारा व्हिडिओ माझ्याच घरच्या ग्रुपवर फिरावा हे मला सहन होत नाही.

भाचीला मी त्या रात्री पाय धुण्याची गोष्ट सांगितली आणि जॉन व्हाइटने तिथल्या लोकांचं काढलेलं एक चित्र पाठवलं. मूळ चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चटईवर बसलेलं जोडपं, मध्ये एक मोठं ताट, दोघं त्यातूनच खातायत. तिने लगेच विचारलं ताटात काय आहे. मका आहे म्हटलं.

बाकीचे जे दावे फिरतात ते पटकन. "स्पॅनिश लोकांनी मारलं": १५८८ मध्ये स्पॅनिश जहाज त्या भागात येऊन गेलं हे खरं, पण त्यानंतरही स्पेनचे अधिकारी ही वसाहत शोधतच होते, मारली असती तर शोधली कशाला असती? "एलिनॉरने कोरलेले दगड सापडले": १९३७ पासून ढिगाने दगड निघाले, १९४१ मध्ये एका पत्रकाराने सगळी बनवाबनवी उघडी पाडली, फक्त पहिल्या दगडाबद्दल अजून वाद आहे. दुष्काळाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, झाडांच्या वर्तुळांवरून १९९८ मध्ये दाखवलंय की १५८७ ते १५८९ हा तिथला ८०० वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ होता, म्हणजे हलायला कारण होतंच.

आणि एक गोष्ट मला मान्य करावी लागतेय. सगळ्यांचं शेवटी काय झालं हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्हाइट स्वतःच लिहितो की तो निघाला तेव्हा त्यांचा विचार ५० मैल आत मुख्य भूमीवर जायचा होता. त्यामुळे काही तिकडे आणि काही क्रोएटोअनला अशी फाटाफूट झालेली असू शकते. २०१२ मध्ये व्हाइटच्याच नकाशावर चिकटवलेल्या एका कागदाखाली किल्ल्याची खूण दिसली, त्या भागात खोदल्यावर इंग्रजी मडक्यांचे तुकडे निघाले. हॅटरसवरही खोदकामात तलवारीची मूठ, पाटी, लोहारकामात उडणाऱ्या लोखंडाच्या बारीक कपच्या निघाल्यात, त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत भांडण चालू आहे. जेम्सटाऊन या नंतरच्या वसाहतीतल्या इंग्रजांनी पुढे ऐकलं की पॉव्हॅटन या तिथल्या स्थानिक राजाने त्यातल्या काहींना मारलं, पण ते ऐकीव. आणि जॉन लॉसन नावाचा माणूस १७०१ मध्ये हॅटरसच्या लोकांना भेटला, त्याने लिहिलंय की ते सांगायचे आमचे काही पूर्वज गोरे होते आणि 'पुस्तकातून बोलायचे', आमच्यासारखे. त्यांच्यातल्या काहींचे डोळे राखाडी होते.

पुस्तकातून बोलायचे म्हणजे वाचायचे. तो अक्षरं कोरलेला खांब कधीच कुजून गेला असेल, बेटावर आता फक्त गवताने झाकलेला मातीचा एक बुटका बांध दाखवतात, आणि तिथल्या दोन गावांची नावं मँटिओ आणि वॉनचीज आहेत, १५८४ मध्ये इंग्लंडला गेलेल्या दोन स्थानिक माणसांची.

ताई, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढ. आणि अजून कुणाला पाठवला असशील तर त्यांना हे पाठव.