अंशतः मान्य

15 सप्टेंबरच्या रात्री साडेनऊला माझ्या प्रिंटरने कळवलं की 'ड्रायव्हर अनअवेलेबल' आहे. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्राम. यावर करण्यासारखे सगळे विनोद बायकोने त्याच रात्री करून टाकले, त्यामुळे मी ते पुन्हा करत नाही.

झालं होतं एवढंच की, भाच्याने गणपतीत येऊन कॉम्प्युटरला 'फॉरमॅट मारला', नवी सिस्टिम टाकली, अकरा मोदक खाल्ले आणि बंगळुरूला परत गेला. प्रिंटरचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. मी वर्षाकाठी छापतो तरी काय? सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस. ती नेमकी त्या रात्री छापायची होती.

सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. आमची सभा 30 लाच. म्हणजे 15 तारखेला नोटीस हातात पडली, तर 16 ते 29 असे काठोकाठ 14 दिवस. हे गणित आमच्या सोसायटीत दोघांनाच येतं. एक मी, बिनपगारी सेक्रेटरी. दुसरे बी विंगमधले काका.

बाकीच्या 47 जणांना मी ईमेल केली होती. काकांना ईमेल नाही. म्हणजे आहे, पण तो त्यांनी सोसायटीला दिलेला नाही. हाताने लिहून द्यावी, तर सोबत नऊ पानी ताळेबंद. झेरॉक्सवाल्याने नऊलाच शटर ओढलेलं. आणि पावणेदहाला काका स्वतःच दारात. "म्हटलं, तुम्हाला कशाला जिन्याचा त्रास? मीच घेऊन जातो नोटीस."

चहा आला. खुर्ची ओढून काका माझ्या उजव्या खांद्यामागे बसले.

ड्रायव्हर शोधणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आधी मॉडेल. प्रिंटर उलटा करून, मोबाइलच्या टॉर्चखाली, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. नुसता आकडा चालत नाही, पुढे 'एन' आहे की 'डीएन' की 'डब्ल्यू', तेही हवं. मग सर्च केलं, तर पहिली तीन-चार 'डाउनलोड'ची हिरवी बटणं भलत्यांचीच. त्यातल्या एकाने न विचारता माझा कॉम्प्युटर तपासला आणि 37 ड्रायव्हर जुने झालेत, पैसे भरा, असं बजावलं. अखेर कंपनीचं खरं पान सापडलं. फाइल साडेतीनशे एमबी! कागदावर काळी अक्षरं उमटवायला!

ती उतरेपर्यंत मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी, उघडून प्रिंटरच्या ओळीवर क्लिक केलं. इथे चूक झाली.

"थांबा," काका म्हणाले. चष्मा कपाळावर गेला, नाक स्क्रीनला टेकलं. "ड्रायव्हरची तारीख 21-06-2006?"

"हो."

"प्रिंटर कधी घेतलात?"

"2017."

"म्हणजे यंत्र जन्मायच्या अकरा वर्षं आधीच ड्रायव्हर? सेक्रेटरीसाहेब, हे सरळसरळ बॅकडेटिंग आहे."

आता यातली गंमत अशी की काकांचं खरं होतं. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर मुद्दामच ती जुनी तारीख टाकलेली असते. यंत्राच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर तारखेने नवा ठरावा आणि घरच्याने पाहुण्याला जागा करून द्यावी, हा हेतू. मी हे समजावून सांगितलं. काकांनी खिशातून डायरी काढली. "मागची तारीख टाकायची पद्धत आहे, हे तुम्ही मान्य करता तर."

फाइल उतरली. डबल क्लिक केल्यावर सिस्टिमने विचारलं, या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?

"कसले बदल?" काका. "तपशील मागा. 302 वाल्याने असेच 'किरकोळ बदल' म्हणून बीम फोडला होता."

मी 'येस' दाबलं. मग परवाना करार आला. पाच ओळी मावतील एवढी खिडकी, आत मैलभर मजकूर. मी सवयीने 'मान्य'कडे निघालो, तर काकांनी माउसवर हात ठेवला. माझ्या हातावर नव्हे, माउसवर. आणि मोठ्याने वाचायला लागले. इंग्रजी वाक्य, मग त्याचा मराठी अर्थ, मग त्यावर स्वतःची हरकत.

"'जसं आहे तसं' स्वीकारायचं, असं म्हणतायत. म्हणजे बिघडलेलं दिलं तर बिघडलेलंच गोड मानून घ्यायचं! यावर तुम्ही सही करणार?"

"सही नाही काका, नुसतं क्लिक."

"'अंशतः मान्य' असा पर्याय कुठाय?"

नव्हता. मला त्यांचा संताप आला होता, पण त्याहून जास्त याचा की गेली वीस वर्षं मी हे डोळे मिटून दाबत आलोय. पैसे मोजून घेतलेला प्रिंटर. एक दात तुटलेला नाही, टोनर अर्धा भरलेला. गेलाय तो फक्त मधला दुभाषा. आणि तो परत मिळवायला मी रात्री अकराला अनोळखी लोकांच्या अटी मान्य करतोय, सोबत त्यांचं शाई मागवण्याचं दुकानही घरात घेतोय. तक्रार करायची कुणाकडे? भाचा फोन उचलत नव्हता.

अकरा चाळीसला कळलं की यूएसबीची वायर सांगितल्यावरच लावायची असते. मी ती आधीच लावली होती. तशी सूचना प्रिंटरच्या मागे पिवळ्या स्टिकरवर होती. काकांनी ती तासाभरापूर्वीच वाचली होती. "तुम्ही विचारलं नाहीत," म्हणाले.

सगळं काढलं, पुन्हा टाकलं. काकांनी दुसऱ्यांदा करार वाचला नाही, एवढे उपकार. शेवटी 'टेस्ट पेज छापू का?' असं आलं आणि मी आनंदाच्या भरात 'हो' म्हटलं. प्रिंटर घरघरला, कण्हला आणि एक गरम, सुबक पान बाहेर आलं.

ते काकांनी उचललं. त्यावर ड्रायव्हरचं नाव होतं, आवृत्ती होती आणि छापायला पाठवल्याची वेळ होती. 16 सप्टेंबर, 12 वाजून 4 मिनिटं.

काकांनी पानाची नीट चार घड्यांची घडी केली, डायरीत ठेवली आणि कप बशीत पालथा घातला. "तेरा दिवस झाले," म्हणाले. "येतो."

सकाळी साडेआठला पुन्हा बेल. हातात पेन ड्राइव्ह.

"हरकतीचं पत्र आहे, दोनच पानं. तीन प्रती काढून द्या. ड्रायव्हर आता बसलाच आहे तुमचा."