घोडा पाहायचाय का?

काल, सोमवारी सकाळी, इथे मंगोलियात, ऑफिसच्या दारावरच्या रखवालदाराने मला विचारलं, "मोर खारसानू?" म्हणजे, घोडा पाहिलास का? लिफ्टमध्ये हिशेबवाल्या बाईंनी तेच विचारलं. मग प्लंबरने. या माणसाशी दोन वर्षांत माझं "सैन बैनू"च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे बोलणं झालेलं नाही, पण काल त्याने बेसिनखालून, डोकंही बाहेर न काढता विचारलं. तेरेल्जच्या डोंगरातली बातमी एका रात्रीत राजधानीला, उलानबातरला पोचते. पुण्याहून आईने पाठवलेलं मेतकूट अजून वाटेत आहे.

झालं असं की रविवारी एक सहकारी मला तिच्या आजीकडे घेऊन गेली. जानेवारीत या शहरातून बाहेर पडायचं ते बर्फ बघायला नव्हे, श्वास घ्यायला. शहर दरीत, भोवतीच्या टेकड्यांवर गेरची, म्हणजे गोल तंबूंची, वस्ती, प्रत्येक गेरमध्ये कोळशाची चूल, आणि धूर वर जातच नाही. कच्च्या कोळशावर 2019 साली बंदी आली, आता दाबून केलेल्या विटा जाळतात. माझ्या खोकल्याला हा फरक अजून कळलेला नाही. हवा गाळायच्या यंत्राचा फिल्टर मी स्वतःच्या पैशाने बदलतो, कंपनीच्या मते ती चैन आहे. बरं, चिडायचं तरी कोणावर? त्या टेकड्यांवर कितीतरी घरं अशी आहेत, ज्यांची जनावरं एखाद्या 'झुद'मध्ये, म्हणजे मारक हिवाळ्यात, उभ्या उभ्या गोठून मेली. उणे 30 मध्ये त्यांना चूल विझवा म्हणून कोण सांगणार? जाऊ दे. घोड्याकडे येतो.

इथे हिवाळा नऊ-नऊ दिवसांच्या नऊ हिश्श्यांनी मोजतात, एकूण 81 दिवस. पहिल्या नवकात दुधाची दारू गोठते, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाची. पाचव्यात शिजवलेला भात गोठायचा थांबतो. आम्ही गेलो चौथ्यात. डिकीतला माझा दहीभाताचा डबा आजीने उघडला, भातावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाली, "एक आठवडा लवकर आलास."

मी नियम पाठ करून गेलो होतो. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांतून जायचं नाही, पाहुण्याने डावीकडे बसायचं, चुकून कोणाला पाय लागला तर लगेच हात मिळवायचा. चुलीत सुकं शेण जळत होतं, वास थेट आजोळचा. (आपल्या गोवऱ्या थापलेल्या, यांच्या पडल्या तशा वेचलेल्या.) आजीने सूते चाय दिला. यातला 'च' चमच्यातला, चाय खारट, आणि दूध सढळ. भांड्यात काही टाकू नये ही माझ्या आईची शिकवण, रिकामं भांडं म्हणजे पाहुण्याला आणखी हवंय ही आजीच्या आईची. या दोन मातांच्या कात्रीत माझे सहा वाडगे झाले.

सहकारी नदीवर पिण्यासाठी बर्फाच्या लाद्या आणायला गेली होती. आत आजी, तपकिरीची बाटली घेऊन बसलेले एक शेजारी आजोबा, पाच वर्षांचा पणतू आणि मांडीवर मांडी घट्ट दाबून बसलेला मी. आजीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मायेने विचारलं, "मोर खारखू?"

आता 'मोर' म्हणजे घोडा हा शब्द मराठी माणूस पहिल्या दिवशी शिकतो आणि जन्मात विसरत नाही. 'खारख' म्हणजे पाहणं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला एक अख्खं वाक्य दुभाष्याशिवाय कळलं होतं! कळ विसरून मी उजळलो.

"हो! मला फार आवडतं," मी म्हणालो.

"असं?" आजी म्हणाली.

"लहानपणापासून. किती आहेत?"

आजीने थोडा विचार केला. "ते तुझं तुलाच ठाऊक."

"फोटो काढला तर चालेल ना?"

आजोबांची तपकिरीची चिमूट नाकाशी जाता जाता थांबली. आजी काही बोलेना. तिला अवघडल्यासारखं झालं असेल, म्हणून मी माझं सगळ्यात छान पाठ केलेलं वाक्य काढलं: "खाम्त याव्या!" चला, बरोबर जाऊ. आजोबांकडे वळून म्हणालो, "तुम्हीसुद्धा!"

घोडा पाहायला जाणं म्हणजे परसाकडे जाणं, हे मला वर्षभर फी घेऊन शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं नव्हतं. ग्रंथालय कुठे आहे ते मी तीन काळांत विचारू शकतो. ग्रंथालयाची मला आजवर एकदाही घाई झालेली नाही. अर्थात आपणही काय कमी आहोत? आपण त्याला 'शंका' म्हणतो, लघु आणि दीर्घ. शाळेत तर करंगळी वर करून नुसतं "बाई, एकीला?"

आजीने न हसता (हे तिचं थोरपण) आजोबांचा जाड दील, म्हणजे लांब अंगरखा, माझ्या चार थरांवर चढवला, कमरेला लांबलचक पट्टा तीन वेढे देऊन आवळला आणि मला पणतवाच्या हाती सोपवलं. फर्लांगभर चालून पोराने एका लाकडी आडोशाकडे बोट केलं. "मोर." मी मागे जाऊन पाहिलं. घोडे नव्हते. पुढे येऊन पाहिलं. दोन फळ्या, मध्ये फट, दाराच्या जागी दरीचा देखावा. फोटोसाठी काढलेला फोन थंडीने आधीच मेला होता.

तेव्हा उजेड पडला. आणि पट्ट्याची गाठ सुटेना. हातमोजे काढले तर बोटं बधिर, घातले तर बोटंच नाहीत. मी जागच्या जागी नाचत होतो. पोराने हे थोडा वेळ गंभीरपणे पाहिलं, मग पुढे येऊन दातांनी गाठ सोडवली आणि पाठ करून उभं राहिलं.

परत आलो तेव्हा सहकारी बर्फ घेऊन आली होती आणि चुलीपाशी वाकून रडत होती. हसून. निघताना आजीने माझ्या तळहातावर मेंढीच्या घोट्याचं एक हाड ठेवलं, शागाई. त्याच्या चार बाजू: घोडा, उंट, मेंढी, बकरी. तिने घोडा वर करून ठेवलं आणि माझी मूठ मिटली.

ते आता माझ्या टेबलावर आहे. आज सकाळी मी उंट वर करून ठेवला होता. जेवून आलो तर घोडा.