भोकं जुळली म्हणजे शाफ्ट जुळला असं नाही

जुन्या जीप आणि पिकअप सांभाळणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी "हे खरं आहे का?" असं विचारून. मजकूर साधारण असा: "इंजिन-गिअरबॉक्स बदलताना शाफ्टचं टेन्शन घेऊ नका. भोकं जुळणारा कुठलाही प्रॉपेलर शाफ्ट भंगारातून उचला. लांबी जमत नसेल तर कापा आणि वेल्डिंग मारा. जाड पाइप घातला की जन्मभर बघायला नको. अँगल क्रॉस सांभाळून घेतो. बॅलन्सिंग म्हणजे पैसे काढायचा धंदा."

नाशिकच्या अंबडला मी अठरा वर्षं शाफ्टचं काम करतोय. प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारी फिरती नळी, आणि क्रॉस म्हणजे तिच्या टोकांचे वाकणारे सांधे. नेमक्या याच पद्धतीनं बनवलेला शाफ्ट लावलेली एक पिकअप यंदा माझ्या दारात आली होती, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

गाडी पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष बागायतदारांची. जुनं इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स काढून त्यांनी टर्बो डिझेल आणि पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतला होता. मूळचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. नवा बॉक्स बसवताना सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट आड आला, म्हणून तो काढून एकच लांब शाफ्ट करून दिला. क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६५० मिलिमीटर, पाइप अडीच इंची. "दादा, ऐंशीला गेली की बूड थरथरतं. आरशात मागची गाडी दिसत नाही," असं ते म्हणाले. आधीच्या मिस्त्रीनं त्यावर उपाय म्हणून जाड पाइप घातला. थरथर थांबली नाही आणि दीड महिन्यात गिअरबॉक्सच्या मागच्या हौसिंगला तडा गेला.

म्हणून आधी जाड पाइपचं वाक्य घेतो. सगळ्यात जास्त पटणारं तेच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही तेच करतं.

दोन टोकांना धरलेली कुठलीही लांब नळी एका ठरावीक वेगाला मधोमध धनुष्यासारखी वाकून फिरायला लागते. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. हा वेग पाइपच्या व्यासाबरोबर वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. लांबी दहा टक्के वाढली की तो सतरा टक्के उतरतो. अडीच इंची म्हणजे ६३.५ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप १६५० लांबीचा केला तर क्रिटिकल स्पीड मिनिटाला साधारण ३८७० फेरे येतो. आता तोच पाइप दुप्पट जाड, ४ मिलिमीटरचा घ्या. वजन जवळपास दुप्पट होतं आणि क्रिटिकल स्पीड येतो ३७५० च्या आसपास, म्हणजे आधीपेक्षाही कमी! जाडी आत वाढते. तिथं ती कडकपणा थोडाच देते, वजन मात्र पूर्ण देते. भरीव सळई घातली तर हा वेग आणखी बराच खाली येतो. याउलट जाडी २ मिलिमीटरच ठेवून व्यास तीन इंच केला तर आकडा ४६७० वर जातो, फक्त चासीच्या आडव्या पट्टीला पाइप घासणार नाही एवढी जागा हवी. पिळाच्या जोराला जाड पाइप जास्त टिकतो हे खरं आहे. पण या गाडीत पाइप पिळून तुटलाच नव्हता.

हे आकडे सिद्धांतातले झाले. प्रत्यक्षात जॉइंट आणि बेअरिंग थोडी लवचीक असतात, म्हणून क्रिटिकल स्पीडच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे शाफ्ट चालवायचा नसतो. आता रस्त्यावरचा हिशेब बघा. चाकाचा घेर २.२ मीटर आणि क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी) ४.८८ चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे धरले, तर ताशी ६५ किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला २४०० फेरे घेतो, ८० ला जवळपास २९६० आणि १०० ला ३७००. त्यांचा शाफ्ट ८० ला हद्दीवर पोचत होता आणि शंभरला थेट क्रिटिकलला भिडणार होता. थरथर ऐंशीलाच का सुरू व्हायची, ते इथं कळतं.

मेसेज लिहिणाऱ्यानं हेच लक्षात घेतलेलं नाही. क्राऊन आणि टायर तेच असतील तर एका ठरावीक वेगाला शाफ्टचे फेरे तेवढेच राहतात, इंजिन कुठलंही असो. बदलतं ते एवढंच की जुनी जीप पासष्टला दम टाकायची आणि नवी सिन्नरजवळ समृद्धीवर चढली की सहज शंभर पकडते. जुन्या शाफ्टनं तो वेग कधी बघितलेलाच नसतो.

"अँगल क्रॉस सांभाळून घेतो." क्रॉस वाकड्यात फिरतो, पण सारखा फिरत नाही. एका बाजूनं एकसमान वेग दिला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे राहते. ३ अंशाला हा फरक साधारण ०.१४ टक्के असतो, कुणाला जाणवणारही नाही. १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के. एका क्रॉसची ही चूक दुसरा क्रॉस उलटी करून खोडतो. त्यासाठी दोन गोष्टी जमायला लागतात: दोन्ही टोकांचे अँगल सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एकाच पातळीत हवेत. म्हणजे गिअरबॉक्सची शेपटी खाली चार अंश झुकली असेल, तर पिनियनचं तोंड वर चार अंश असायला पाहिजे. इंजिन-गिअरबॉक्स बदलताना नेमकं हेच बिघडतं. नवीन बॉक्सच्या माउंटिंगला जागा मिळत नाही, शेपटी खाली बसते, मागच्या ॲक्सलचं हौसिंग मात्र जुन्याच अँगलला राहतं. त्यात कुणी पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगना) लांब शॅकल, म्हणजे टांगायची कडी, घालून गाडी उचललेली असते.

पाट्यांखाली पाचर घालून पिनियन फिरवता येतो, गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पट्टी घालून शेपटी उचलता येते. मापायला साधा अँगल गेज पुरतो. रोज हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीला प्रत्येक क्रॉसवर तीन अंशांच्या आत ठेवावं. पण शून्यही नको. अर्धा-एक अंश तरी हवाच, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी दाबून बसतात आणि त्यांच्या कपात खड्डे पडतात.

वेल्डिंगचं वाक्यही इथंच येतं. कापून जोडताना योक थोडा जरी फिरला तरी वर सांगितलेली खोड-भरपाई बिघडते. म्हणून कापण्याआधी पाइपभर एक सरळ रेघ ओढायची, समोरासमोर चार टाके मारायचे, डायल गेज लावून शाफ्ट सरळ फिरतो का बघायचं आणि मगच पूर्ण शिवण भरायची. आणि कृपा करून पाण्याचा जीआय पाइप वापरू नका. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि वेल्डिंगला जस्ताचा धूर नाकात जातो तो वेगळाच.

लांबी मात्र नुसत्या कापाकापीनं ठरत नाही. गाडी जॅकवर, हौसिंग लोंबकळतंय आणि टेप लावलाय, असं माप मी कितीदा बघितलंय. चारही चाकं जमिनीवर, पाट्यांवर गाडीचं वजन, तेव्हाच माप घ्यायचं. पाट्या दबल्या की हौसिंग पुढे-मागे सरकतं, ती ये-जा स्प्लाइनच्या (लांब दाते पाडलेल्या) सरकत्या जोडानं पोटात घ्यायची असते. साध्या गाडीला सरकता योक पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर काढायचा आणि तिथं लांबी धरायची. पाट्यांची उसळी जास्त असेल तर आणखी जागा ठेवायची. शाफ्ट लांब झाला तर खड्ड्यात तो टेकतो आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो. आखूड झाला तर स्प्लाइनची पकड कमी होते, योक डुलतो आणि एक दिवस निसटतो. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच असतो. कसारा घाटात शाफ्ट सुटला तर तो हँडब्रेक चाकांना धरत नाही. म्हणून पुढच्या क्रॉसच्या मागे चासीला लोखंडी कडी लावाच. पुढचं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ नये म्हणून ती असते.

भोकांचं थोडक्यात सांगतो. फ्लँज, म्हणजे शाफ्टच्या टोकाची भोकांची चकती, मध्यावर बसते ती बोल्टनं नव्हे, तर मधल्या गोल खाचेनं. चारही बोल्ट बसले आणि ती खाच अर्धा मिलिमीटर सैल राहिली, तर शाफ्ट कायम अर्धा मिलिमीटर बाजूला फिरणार. स्प्लाइनचंही तेच, दात मोजून सारखे आले म्हणजे व्यास आणि दाताचा आकार सारखाच असेल असं नाही. भंगाराला माझा विरोध नाही. अंबड-सातपूर लिंक रोडवरून आणलेले कित्येक चांगले योक मी वापरलेत. तो कच्चा माल म्हणून घ्या, तयार शाफ्ट म्हणून नको.

ताकदीबद्दल मेसेजमध्ये काही नाही, पण विचारणा होते म्हणून लिहितो. इंजिनचा टॉर्क पहिल्या गिअरच्या गुणोत्तरानं गुणून शाफ्टवर येतो. १२० न्यूटन-मीटरच्या जागी २९० चं इंजिन आलं आणि पहिला गिअर ४ चा असेल, तर ४८० चे ११६० होतात. रिकाम्या गाडीचं चाक त्याआधीच घसरतं. क्रेट भरलेल्या पिकअपचं तेवढ्या लवकर घसरत नाही, म्हणून क्रॉसचं माप भरलेली गाडी धरून निवडायचं. आणि इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली. गाडी तयार झाल्यावर धावाधाव नको.

राहिलं बॅलन्सिंग. आठ किलोचा शाफ्ट मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकून फिरतोय असं धरा. ३००० फेऱ्यांना त्याचा ओढा साधारण चाळीस किलोचा होतो आणि तो सेकंदाला पन्नास वेळा दिशा फिरवतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट. त्या गिअरबॉक्सच्या हौसिंगला तडा याच मारानं गेला, असं माझं ठाम मत आहे. मशीनवर शाफ्ट चढवून कुठं किती वजनाची पट्टी लावायची हे बघणं म्हणजे पैसे काढणं नव्हे. शाफ्ट बनवण्याच्या कामातलाच तो शेवटचा भाग आहे.

त्या पिकअपला आम्ही चासीला नवा ब्रॅकेट करून सेंटर बेअरिंग परत बसवलं, दोन तुकड्यांचा शाफ्ट केला, पाट्यांखाली दोन अंशांची पाचर घातली आणि दोन्ही तुकडे जोडून एकत्र बॅलन्स केले. मग त्यांना शेजारी बसवून ओझरपर्यंत नव्वदनं नेली. ते पूर्ण वेळ आरशाकडे बघत होते. मागच्या ट्रकची नंबर प्लेट वाचता येत होती.