नाना, ती पोस्ट काढणार नाही

नाना, रामराम. "इथं जिवाची मारामार चाललीय आणि तुम्हाला पलंगाच्या गोष्टी सुचताहेत. आमच्या सुनाही हे वाचतात, काढून टाका," असं तुम्ही डायलिसिसवरच्या माणसाच्या नवरा-बायकोच्या संबंधांवरची माझी पोस्ट वाचून लिहिलंत. शीर्षक भडक होतं, कबूल. ते कालच बदललं. पण आतली एकही ओळ काढणार नाही.

वजन, पाणी, पोटॅशियम यांवर लिहा म्हणता, ते तर लिहीतच आलो. केळीच्या रावेरकडचा असून पोटॅशियमपायी केळाला हात लावत नाही, ४५ अंशांच्या उन्हात पाणी मोजून पितो. त्याची चौकशी सगळे करतात. सोम-बुध-शुक्र चार-चार तास मशीनवर काढून घरी आलेल्या माणसाचं बायकोशी काय उरतं, ते पाच वर्षांत कोणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. हिला वाटायचं माझं मन उडालं. मला वाटायचं, हातावरचा फुगलेला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर, बघून हिला किळस येते. शेवटी हिनंच डॉक्टरांपुढे विषय काढला. किडनी गेली की हिमोग्लोबिन उतरतं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन वाढतं, आणि इच्छा ओसरते. मधुमेहानं नसा आधीच खराब झालेल्या, त्यात बीपीच्या काही गोळ्यांची भर. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. एवढं कळायला पाच वर्षं!

आणि जिवाचंच म्हणाल तर ऐका. माझ्या शेजारच्या बेडवरच्या एकानं लाजेपोटी मेडिकलमधून गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, आणली. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी त्याच्या खिशात आधीच होती. दोन्ही एकत्र पोटात गेल्या की बीपी धाडकन कोसळतं, माणूस जाऊ शकतो. नशीब, घेण्याआधी सिस्टरांजवळ बोलला.

राहिल्या सुना. शहाद्याकडच्या एका ताईंचा मेसेज आला. डायलिसिस सुरू झाल्यापासून पाळीचा पत्ता नाही, जवळ येताना कोरडेपणामुळे दुखतं. सासूला सांगितलं तर म्हणाली, "आते कसाले ते?" ताईंचं वय ३४. त्यांना मी एवढंच कळवलं, की या दुखण्यावर औषध मिळतं, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाळी बंद आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका, आणि डायलिसिसवर असताना गर्भारपण जोखमीचं असतं, तेव्हा गर्भनिरोधकाचंही त्यांनाच विचारा. फिस्टुल्याच्या हातावर भार येऊ देऊ नका. काल त्यांचं उत्तर आलं: पुढच्या वेळी नवऱ्यालाही सोबत नेणार आहेत.