स्विच मारायचाय? आधी कोर्स घ्या!

अप्रेजलचं पत्र आलं, पगारवाढीचा आकडा बघून झाला आणि तुम्ही स्विच मारायचं, म्हणजे आयटीतली नोकरी बदलायचं, पक्कं केलंत. छान! आता एकही अर्ज न करता थेट ऑनलाइन कोर्स घ्या. तीन हजारांचा कोर्स पाचशेच्या आत मिळतो आणि सेल आज रात्री संपतो. तो उद्या रात्रीही संपणार असतो, पण उगाच धोका कशाला? रिॲक्ट, डॉकर, कुबरनेटिस, सॉफ्टवेअरवाल्यांची चलतीतली टूल्स सगळी घेऊन टाका. पैसे कटले की निम्मं ज्ञान आलंच. पहिल्या भागात इन्स्टॉलेशन दाखवतात, तेवढं मात्र बघा.

त्यापुढे जायची घाई नको. वेब ॲप बनवायचं गूगलचं फ्रेमवर्क अँग्युलरजेएस 2010 मध्ये आलं, लोकांनी मान मोडून शिकून घेतलं. 2016 मध्ये गूगलनेच अँग्युलर 2 आणलं, तेही मुळापासून नव्याने लिहून. रिॲक्टवाले तेव्हा गालातल्या गालात हसले. मग 2019 मध्ये रिॲक्टमध्येच हूक्स ही कोड लिहायची नवी पद्धत आली आणि आधीच्या पद्धतीने क्लास कंपोनंट लिहिणारे जुन्या पिढीत जमा झाले. तुम्ही शांत राहा. जे शिकलोच नाही, ते जुनं कसं होणार?

रेझ्युमेत मात्र हात आखडता घेऊ नका. यूट्यूब बघून केलेल्या टू-डू ॲपला ‘स्केलेबल टास्क मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म’ म्हणा. युजर दोनच आहेत, त्यातला एक रूममेट, हे कुणी विचारत नाही. नोकरीच्या पोर्टलवर रोज सकाळी प्रोफाइलमधला एक पूर्णविराम काढा, दुसऱ्या दिवशी परत टाका. प्रोफाइल ताजं दिसतं. (हा उपाय खरोखर करतात हो, चांगली शिकलेली माणसं करतात.)

मग एचआरचा फोन येईल. “नोटीस पिरियड?” नव्वद दिवस. “आम्हाला इमीजिएट जॉइनर हवाय.” त्यांच्या ऑफर लेटरमध्येही नव्वदच दिवस लिहिलेले असतात, पण तो विषय काढू नका. वाईट दिसतं.

इंटरव्ह्यूत बायनरी ट्री (डेटा फांद्यांसारखा मांडायची रचना) उलटं करायला लावतील. रात्र-रात्र जागून सराव करा, कारण हिंजवडीच्या त्या ट्रॅफिकमधून पहिल्या दिवशी पोचाल, तेव्हा ट्री कुठेच नसेल. असेल तो स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधला जुनाट प्रोजेक्ट आणि पहिलं काम असेल जेएसपी पानावरचं बटण डावीकडे सरकवायचं. बटण सरकवलं की लॉगिन बंद पडतं. का, ते एकालाच माहीत होतं. त्याने पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, म्हणून तर तुम्हाला घेतलंय.