पहिल्या नंबरचं रोल-ऑन लावूनही टी-शर्ट भिजला, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही आमच्या फोंड्याच्या जिमला एकच तारा दिलात, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून उत्तर देणं सोपं जातंय. तुमचं म्हणणं असं: काउंटरजवळच्या फळ्यावर आम्ही चाचणी घेऊन ज्या अँटिपर्स्पिरंटला (म्हणजे घाम कमी करणाऱ्या रोल-ऑनला) पहिला नंबर दिलाय, ते तुम्ही आमच्याकडूनच घेतलंत, खाली पार्किंगमध्ये लावून वर आलात आणि अर्धा तास सायकल मारल्यावर टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला. तेव्हा चाचणी बनावट आहे, बाटली खपवण्यासाठी केलेली आहे. त्यापेक्षा आजोबांची तुरटी बरी. शिवाय त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमने कॅन्सर होतो हे आम्ही लपवतो.

‘बनावट’ हा शब्द मनाला लागला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ही चाचणी सुचली आमच्या सकाळच्या बॅचमुळे. त्यातल्या बऱ्याच जणी इथून थेट पणजीच्या बसला धावतात. बसमध्ये उभं राहून, हात वर करून, दांडा धरून जायचं आणि मग दिवसभर ऑफिस. ‘कुठलं लावू?’ हा प्रश्न त्या रोज विचारायच्या आणि आमच्याकडे जाहिरातीपलीकडचं उत्तर नव्हतं. म्हणून सभासदांतूनच तयार झालेल्या लोकांच्या एका काखेत एक रोल-ऑन, दुसऱ्या काखेत दुसरं, असं लावलं. बाटल्यांवर कागद चिकटवून फक्त अक्षरं लिहिली. वजन करणाऱ्यालाही कुठल्या बाजूला काय आहे ते माहीत नव्हतं. काखेत गॉझची घडी ठेवून सगळ्यांनी सारख्याच वेगाने सायकल मारली. मग घडी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सोन्याचांदीचं वजन करतात तसल्या काट्यावर तोलली. आधीचं वजन वजा केलं की घाम किती ते कळतं. काही लोकांची एक काख मुळातच जास्त घामेजते, म्हणून पुढच्या फेरीत बाजू बदलल्या. मधल्या काळात कुणी काही लावलं नाही, कारण आधीच्याचा परिणाम अंगावर राहतो. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेची, या उत्पादनांसाठी जी चाचणीपद्धत आहे, तिच्यात हा मोकळा काळ किमान १७ दिवसांचा असतो. आम्ही तेच पाळलं.

फळ्यावर दुसऱ्या नंबरला जी बाटली आहे, ती आमच्या काउंटरवर मिळतच नाही, बाहेरच्या फार्मसीतून घ्यावी लागते. माल खपवायचा असता तर ती फळ्यावर आलीच नसती.

आता तुमच्या टी-शर्टाविषयी. फळ्यावर ‘घाम सर्वांत कमी’ असं लिहिलंय. घाम येणारच नाही असं दुनियेतलं कुठलंच रोल-ऑन करू शकत नाही. एफडीएच्या नियमात अँटिपर्स्पिरंट म्हणवून घ्यायला घाम २० टक्के कमी झाला तरी पुरतो. ‘जास्त प्रभावी’ म्हणायचं असेल तर ३० टक्के. तेही साधारण ३८ अंशांच्या खोलीत, जिथली आर्द्रता ३५ ते ४० टक्के ठेवलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर जाते. घाम सुकतच नाही, अंगावरून वाहत राहतो.

आणि तो काखेतूनच येतो असंही नाही. अंगभर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. जोराच्या व्यायामात तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो, आणि त्यात काखांचा वाटा अगदी थोडा. तुमचा टी-शर्ट पाठीच्या आणि छातीच्या घामाने भिजला. तो यायलाच हवा, नाहीतर शरीर थंड कसं राहणार?

खरी अडचण मला पार्किंगमध्ये दिसते. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घर्मग्रंथीच्या नळीत शिरून तिथे जेलसारखं बूच तयार करतात, आणि त्याला वेळ लागतो, त्वचा कोरडी लागते. भर उन्हात स्कूटरवरून उतरून घामेजल्या काखेत लावलं तर बूच बसायच्या आत ते वाहून जातं. रात्री झोपताना ग्रंथी शांत असतात, तेव्हा कोरड्या काखेत लावायचं. सकाळी आंघोळ केली तरी बूच निघत नाही. आमच्या चाचणीत सगळ्यात ठळक फरक बाटली-बाटलीत नव्हताच, रात्री लावणं आणि ऐन वेळी लावणं यांत होता. फळ्याच्या तळाशी ‘रात्री लावा’ ही ओळ त्यासाठीच आहे. आता ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

तुरटीचं म्हणाल तर तुमच्या आजोबांचं चुकत नव्हतं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास येतो, आणि तुरटी त्या जिवाणूंना आवर घालते. पण ओलावा तिने फारसा कमी होत नाही, आमच्या काट्यावरही झाला नाही. तुमची तक्रार वासाची असेल तर तुरटी खुशाल वापरा. हेच बहुतेक बॉडी स्प्रेंचं: वास झाकतात, घाम तसाच राहतो. बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा तसलं नाव नसेल तर ते अँटिपर्स्पिरंट नव्हे.

कॅन्सरविषयी आम्ही काहीही लपवत नाही. अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असा स्पष्ट संबंध आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि हे आम्ही विकताना प्रत्येकाला सांगतो. काख नुकतीच भादरलेली असेल तर त्या रात्री लावू नका, झोंबतं.

तुम्ही आठवडाभर रात्री लावून बघा. फरक वाटला नाही तर उघडलेली बाटली घेऊन या, पूर्ण पैसे परत देऊ. आणि व्यायाम नसताना, पंख्याखाली बसल्यावरही काखा सतत ओल्या राहत असतील तर रोल-ऑन बदलत बसू नका. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात दाखवा. त्या त्रासावर जास्त तीव्रतेची औषधं आणि इंजेक्शनं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

पुढची चाचणी पावसाळा संपल्यावर आहे. कोणीही काट्याजवळ उभं राहून बघू शकतं. तुम्हाला भाग घ्यायचा असेल तर काउंटरवर नाव द्या, फक्त त्याआधी १७ दिवस काखेत काही लावू नका.