कोरेआनं डॉलर का सोडला नाही? (कमेंटला उत्तर, जरा लांबलंय)

तुमच्या कमेंटमध्ये तीन आरोप आहेत. राफाएल कोरेआ प्राध्यापक असताना डॉलरच्या विरोधात बोलायचा आणि इक्वेडोरचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दहा वर्षं देशाचं चलन म्हणून अमेरिकी डॉलरच चालवला, म्हणजे ढोंगी. खिशात पैसे असून कर्ज बुडवलं, म्हणजे लबाड. आणि त्याला झालेली शिक्षा मी त्याच्यावरच्या लेखात गाळली, म्हणजे मी त्याचा भक्त.

तिसरं आधी, कारण तिथं मला बोलायला तोंडच नाही. एप्रिल 2020 मध्ये लाचखोरीच्या खटल्यात त्याला 8 वर्षांची शिक्षा झाली, तो तेव्हा बेल्जियममध्ये होता, तो म्हणतो हा राजकीय सूड आहे आणि 2022 मध्ये बेल्जियमनं त्याला आश्रयही दिला. दोन्ही बाजू लिहायला हव्या होत्या, मी लेख 2017 ला त्याची मुदत संपते तिथंच थांबवला, चूक झाली.

पण ढोंगी? इथं मात्र मी भांडणार.

डॉलर आला कसा ते आधी बघा. 1999 च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण 7,000 सूक्रे (इक्वेडोरचं तेव्हाचं चलन) पडत होते. मार्चमध्ये सरकारनं बँकांतल्या ठेवीच गोठवल्या. जानेवारी 2000 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी 25,000 सूक्रेला एक डॉलर असा भाव ठरवून देशाचं चलनच बंद करायचं जाहीर केलं आणि दोन आठवड्यांत त्यांची स्वतःचीच खुर्ची गेली. आता हिशोब करा, ज्या बाईचे बँकेत 70 लाख सूक्रे होते तिच्याकडे वर्षापूर्वी हजार डॉलर होते, आता हातात आले 280. असं तोंड पोळलेल्या माणसाला तुम्ही सात वर्षांनी जाऊन सांगणार का की आता आपण पुन्हा आपल्या नोटा छापू, काळजी करू नका?

आणि मुख्य गोष्ट अशी की डॉलरमध्ये शिरणं आणि डॉलरमधून बाहेर पडणं ही एकाच रस्त्याची दोन टोकं नाहीत. शिरताना लोक पडत्या चलनातून चांगल्या चलनात जातात, खूश असतात. बाहेर पडताना उलटं, म्हणजे सरकार असा काही विचार करतंय अशी नुसती कुजबुज जरी झाली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक बँकेसमोर रांग, कारण ज्याला आज डॉलर मिळतील तो शहाणा आणि जो उद्या जाईल त्याच्या हातात नवीन कागद. चर्चा करून, कायदा करून, हळूहळू बाहेर पडू असं काही नसतंच तिथं. डॉलर आणणं चूक होतं असं म्हणणारा माणूस डॉलर सोडणंही आज चूक ठरेल असं म्हणू शकतो, त्यात मला तरी विसंगती दिसत नाही. कोरेआ तेच म्हणत होता.

मग त्यानं केलं काय, तर पिंजऱ्यात राहून हातपाय हलवले. स्वतःचं चलन नाही म्हणजे डिव्हॅल्युएशन (चलनाचा भाव मुद्दाम पाडणं) नाही, नोटा छापणं नाही, तेल विकून, निर्यात करून आणि परदेशातल्या लोकांनी घरी पाठवून जेवढे डॉलर आत येतील तेवढ्यावरच गाडा हाकायचा. म्हणून बाहेर जाणाऱ्या डॉलरवर टॅक्स बसवला, सुरुवात अर्ध्या टक्क्यानं आणि 2011 पर्यंत 5 टक्के. नंतर 2015 ला तेल गडगडलं तेव्हा हजारो प्रकारच्या आयात मालावर 5 ते 45 टक्के जादा कर. मला तर हे चोरपावलांनी केलेलं डिव्हॅल्युएशनच वाटतं, परदेशी माल महाग करायचा पण आपल्या नोटेला हात न लावता.

चाललं का ते? अर्धवट. शेजारच्या कोलंबियाचा पेसो त्याच सुमारास कोसळला आणि इक्वेडोरचे लोक गाड्या काढून तुलकानची सीमा ओलांडून कोलंबियातल्या इपियालेसला खरेदीला जायला लागले. टीव्ही तिकडं, टायर तिकडं, कपडे तिकडं. तुलकानचे दुकानदार दुकान उघडून बसलेत आणि गिऱ्हाईक समोरनं गाडीतनं जातंय. खिशात मजबूत चलन असणं म्हणजे काय ते त्या दुकानदारांना विचारावं.

तुम्ही ज्यावरून त्याला खरं तर धारेवर धरायला हवं होतं ते वेगळंच आहे. 2005 ला तो चार महिन्यांपेक्षा थोडं कमीच अर्थमंत्री होता, तेव्हा तेलाच्या जादा कमाईचा जो फंड बराचसा कर्जफेडीसाठी राखलेला होता तो त्यानं शाळा-दवाखान्यांकडं वळवायला घेतला, जागतिक बँकेनं कर्ज अडवलं आणि त्यानं राजीनामा दिला. तिथवर मी त्याच्या बाजूनं आहे. पण 2008 ला, राष्ट्राध्यक्ष म्हणून, त्यानं उरलेसुरले तेलाचे फंडच मोडीत काढले. ज्याला नोट छापता येत नाही त्यानं अडीअडचणीचा डबा तरी भरून ठेवायचा ना! पैसा रस्ते, शाळा, धरणांत गेला, गरिबी डिसेंबर 2007 च्या 36.7 टक्क्यांवरून 2016 ला 22.9 वर आली, हे खोटं नाही, पण 2014 नंतर तेल पडलं तेव्हा डबा रिकामा होता. डॉलरचा पिंजरा सगळ्यात नीट ज्याला कळत होता त्यानंच हे करावं ह्याचा मला जास्त राग येतो.

आता कर्ज. हो, डिसेंबर 2008 ला व्याजाचा 3 कोटी 6 लाख डॉलरचा हप्ता सहज भरता आला असता. त्यानं आधी ऑडिट कमिशन नेमलं होतं, कमिशन म्हणालं हे कर्ज अवैध आहे, आणि ह्यानं हप्ता नाकारला. त्या कर्जाच्या बाँडचे (कर्जरोख्यांचे) भाव पडले आणि 2009 ला त्याच सरकारनं 91 टक्के बाँड डॉलरमागं साधारण 35 सेंटला परत विकत घेतले. लबाडी म्हणा, पण 320 कोटी डॉलरचं बहुतेक ओझं एक तृतीयांश भावात उतरलं. सौदा म्हणून मला तो जबरी वाटतो, अर्थात त्याचं बिल नंतर आलं. परदेशी बाँडबाजाराचं दार बंद झाल्यावर चीनकडं जावं लागलं, पुढचं तेल बांधून देऊन, आणि 2014 ला बाजारात परतला तेव्हा व्याज 7.95 टक्के. चिनी पैशातून उभ्या राहिलेल्या कोका कोदो सिंक्लेअरच्या 1500 मेगावॅट वीजप्रकल्पात पुढं तडेच तडे सापडले.

पेपरवाल्यांशी तो वाईट वागला, तेही मान्य. एल उनिवेर्सो या पेपरविरुद्ध एका लेखावरून बदनामीचा खटला, 4 कोटी डॉलर आणि तुरुंगवास, नंतर माफ केलं तरी धाक बसायचा तो बसलाच. सप्टेंबर 2010 च्या पोलीस बंडात खिडकीतनं ‘मारायचंय तर मारा’ म्हणणारा माणूस एका लेखाला एवढा घाबरतो, गंमतच आहे.

डॉलरबद्दल शेवटचं. 2014 च्या शेवटी सेंट्रल बँकेनं मोबाइलवरचे इलेक्ट्रॉनिक पैसे काढले, डॉलरमध्येच, एकास एक. लोकांनी घेतलेच नाहीत. सगळ्यांना वाटलं ही डॉलरमधून निसटायची मागची खिडकी आहे, आणि त्याच्यानंतर आलेल्या सरकारनं ते गुंडाळून टाकलं. खिडकीच्या फटीला लोक एवढे दचकले, आणि तुम्ही म्हणता दार का उघडलं नाही.

शिक्षेचा मजकूर आज रात्री मूळ लेखात घालतो, कोणाच्या कमेंटवरून घातला तेही लिहितो.